परदेशांतील विद्यार्थ्याचे श्रम व त्यांचें वाङ्मय

परदेशीं जाऊन शिकून आलेल्या थोरांच्या चरित्रांत एक वाक्य बहुधा ठरलेलें असतें: ‘तेथें त्यांनीं भांडीं घासून शिक्षण पुरें केलें.’ चरित्रकार हें वाक्य मोठ्या अभिमानानें लिहितो आणि लगेच पुढच्या वाक्यांत पदवीदान समारंभास जाऊन पोंचतो. वाचकहि त्याच्याबरोबर जातो. भांडीं कोणाचीं घासलीं, किती वेळ घासलीं, त्याबद्दल हातांत काय पडलें, आणि घासून झाल्यावर पुस्तक उघडण्याइतकें त्राण अंगांत उरत असे कीं नाहीं, हें विचारण्याचें कोणास सुचत नाहीं. ज्या दोन-चार वर्षांनीं मनुष्य घडला असें आपण म्हणतों, त्या वर्षांचा सारा हिशेब ‘घासून’ या एका धातुसाधित अव्ययांत आटोपला जातो.

हा प्रश्न केवळ चरित्रलेखनाचा असता तर त्यावर एवढा मजकूर खर्च करण्याचें कारण नव्हतें. परंतु आमच्या परिचयाच्या एका घरीं गेल्या नाताळच्या सुटींत जें घडलें, त्यावरून हा प्रश्न वाचणाऱ्या घरांचाहि आहे अशी आमची खात्री झाली. त्या घरचा मुलगा इंग्लंडांत एम. एस्सी. करीत आहे. ‘खर्चापुरतें थोडें काम करतों, कॉलेजांतच आहे,’ असें तो दर रविवारीं फोनवर सांगे. सुटींत घरीं आला तेव्हां आईनें त्याच्या तळहातावरचे घट्टे पाहिले. मग कळलें कीं, काम कॉलेजांत नव्हतें; एका गोदामांत रात्रीं दहापासून पहाटे सहापर्यंत सरकत्या पट्ट्यावरून खोकीं उचलण्याचें होतें, आठवड्यांतून दोन रात्री. वडील एकदम गप्प झाले. आपण पाठविलेले पैसे पुरले नाहींत याचीच ती खूण असें त्यांस वाटलें. आजी मात्र कौतुकानें म्हणाल्या, ‘अरे, मोठीं मोठीं माणसें अशींच शिकलीं!’ मुलगा दोघांकडेहि पाहत राहिला. मागाहून आम्हांस बाजूस घेऊन तो म्हणाला, ‘काका, बाबांना वाईट वाटलें, आजीला अभिमान वाटला. पण त्या पट्ट्यावर असतें काय, हें कोणीच विचारलें नाहीं.’

लाज आणि अभिमान या दोन भावना दिसावयास विरुद्ध. पण त्यांचें कार्य एकच. कामाकडे पाहूं न देणें हें तें कार्य. लाज वाटणारा नजर खालीं घालतो, अभिमान वाटणारा ती वर, भावी यशाकडे, लावतो. मधल्या उंचीवर असलेला पट्टा, त्यावरचीं खोकीं आणि तीं उचलणारा मनुष्य हीं दोघांसहि दिसत नाहींत. या दोन्ही नजरा आपणांस पुष्कळ अंशीं वाचनानें लाविलेल्या आहेत, असें आमचें म्हणणें आहे. म्हणूनच ज्या लेखकांनीं परदेशांतील विद्यार्थ्याच्या श्रमांचा नुसता उल्लेख न करतां त्यांस पानेंच्या पानें दिलीं, त्यांनीं काय पाहिलें आणि काय वगळलें हें तपासण्याचें आम्ही येथें योजिलें आहे. त्यासाठीं तीन इंग्रजी पुस्तकें घेतलीं आहेत: धनगोपाल मुखर्जी यांचें ‘कास्ट अँड आउटकास्ट’ हें १९२३ सालचें आत्मवृत्त, चिमामांडा न्गोझी अदिची यांची ‘अमेरिकाना’ ही २०१३ सालची कादंबरी, आणि संजीव सहोता यांची ‘द यिअर ऑफ द रनअवेज’ ही २०१५ सालची कादंबरी. पहिला लेखक बंगाली, दुसरी लेखिका नायजेरियाची, तिसरा इंग्लंडांतच जन्मलेला पंजाबी वंशाचा. पहिल्या व शेवटच्या पुस्तकांत नव्वदांहून अधिक वर्षांचें अंतर. तरी तिन्ही पुस्तकें एकाच प्रश्नाभोंवतीं फिरतात.

प्रथम आपल्या घरची रीत आठवूं. गरीब विद्यार्थ्यानें कष्टानें शिकावें ही कल्पना महाराष्ट्रास परकी नाहीं. पुण्यांत माधुकरी मागून आणि वार लावून जेवून शिकलेल्यांच्या पिढ्या होऊन गेल्या. धोंडो केशव कर्वे यांनीं मुंबईस शिकवण्या करून कॉलेजचें शिक्षण कसें पुरें केलें, हें त्यांच्या १९१५ सालच्या ‘आत्मवृत्तां’त वाचावयास मिळतें. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९२४ सालीं साताऱ्यास काढलेल्या वसतिगृहांतील मुलें आपला स्वयंपाक आपण करीत आणि शेतांत खपत. ‘कमवा आणि शिका’ हें पुढें रयत शिक्षण संस्थेचें ओळखीचें सूत्रच झालें. या प्रकारांत मानापमानाचे प्रसंग नव्हते असें नाहीं. वाराच्या घरीं पानावर बसलेल्या मुलास भात कोणत्या स्वरांत वाढला जाई, हें ज्यांनीं सोसलें त्यांस ठाऊक. परंतु या साऱ्यांत एक गोष्ट होती. अन्न देणाऱ्यास हा मुलगा शिकत आहे हें माहीत असे, आणि शिकविणाऱ्यास तो कोठें जेवतो हें माहीत असे. त्याच्या कष्टांस साक्षीदार होते.

परदेशीं नेमकी ही सांखळी तुटते. गोदामाच्या मुकादमास तो विद्यार्थी आहे याच्याशीं कर्तव्य नसतें. प्राध्यापकास तो काल रात्रीं कोठें होता हें ठाऊक नसतें. एकाच देहांत दोन माणसें राहतात, आणि त्या दोघांसहि ओळखणारें तिसरें कोणी जवळ नसतें. आमच्या मतें या विषयावरील वाङ्मयाची खरी कसोटी येथें आहे. त्या दोन माणसांची एकाच पानावर गांठ घालून देणें लेखकास साधलें आहे काय, एवढेंच आम्ही पाहणार आहोंत.

धनगोपाल मुखर्जी १८९० सालीं कलकत्त्यानजीक एका ब्राह्मण कुटुंबांत जन्मले, जपानमार्गें १९१० सालीं अमेरिकेस पोंचले, प्रथम बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत व मग स्टॅनफर्ड येथें शिकून १९१४ सालीं पदवीधर झाले. त्यांचें पुस्तक दोन भागांचें आहे. पहिल्यांत बंगालमधील बालपण आणि पौरोहित्याची दीक्षा घेतलेल्या तरुणाचें भिक्षापात्र हातीं घेऊन केलेलें भ्रमण येतें, दुसऱ्यांत अमेरिका. घरकामाचा गंध नसतां लोकांच्या घरीं कामास उभें राहणें, त्यांतील फजिती, सुटलेल्या नोकऱ्या, शेतांत आपल्याच देशांतून आलेल्या शीख-मुसलमान मजुरांबरोबरची मजुरी, आणि या साऱ्यांतून जडलेला समाजवादी व अराजकवादी तरुणांचा स्नेह, हा या दुसऱ्या भागाचा विषय आहे.

पुस्तकाचें नांवच त्याचा सिद्धान्त सांगतें. जातीच्या उतरंडींत सर्वांत वर जन्मलेला तरुण समुद्र ओलांडतांच तळाशीं जाऊन पडतो. परंतु आमच्या दृष्टीनें या पुस्तकाचें मर्म त्याहून निराळ्या ठिकाणीं आहे. तें पहिल्या भागांतील भिक्षापात्र आणि दुसऱ्या भागांतील बशा यांच्या शेजारांत आहे. भारतांत हा तरुण हात पसरतो तेव्हां तो हीन होत नाहीं; देणाराच धन्य होतो, कारण मागण्याला धर्माचा अर्थ आहे. अमेरिकेंत तो कोणापुढें हात पसरीत नाहीं, काम करून दाम घेतो. तरी तेथें तो हीन ठरतो, कारण त्या कामाला मजुरीपलीकडे अर्थच नाहीं. मागून खाणें मानाचें आणि कमावून खाणें अपमानाचें, हें कोडें आपल्या समाजासहि नवें नाहीं. माधुकरी मागून शिकलेल्यांचीं नांवें आपण आदरानें घेतों, पण त्याच काळीं हॉटेलांत कपबशा विसळून शिकलेल्या मुलाची तितकीच आदरानें घेतलेली आठवण आम्हांस क्वचितच आढळली आहे. मुखर्जींनीं हे दोन अनुभव एका बासनांत बांधले, ही त्यांची मोठी कामगिरी होय.

गुणांविषयीं एवढें सांगितल्यावर दोषहि सांगितला पाहिजे. मुखर्जी गोष्टीवेल्हाळ आहेत. कष्टाचा प्रसंग आला कीं ते त्याची चटकदार गोष्ट करतात. गोष्ट संपली कीं तत्त्वचर्चा सुरू होते. मजुरीचा खरा स्वभाव मात्र गोष्टीच्या उलट आहे. गोष्टीस शेवट असतो. काल घासलेलीं भांडीं आज पुन्हां घासावीं लागतात. हा पुनरावृत्तीचा भार त्यांच्या पानांवर कोठेंच जाणवत नाहीं. त्याहून आश्चर्य म्हणजे, ज्या शिक्षणासाठीं हा सर्व खटाटोप, तें शिक्षणच पुस्तकांत अगदीं पुसट आहे. मालकिणी, मजूर आणि अराजकवादी मित्र यांच्या आकृति डोळ्यांपुढें उभ्या राहतात. वर्ग, परीक्षा आणि रात्रीचा दिवा मात्र दिसत नाहीं. मुखर्जी लिहावयास बसले तेव्हां ते कष्ट मागें पडून दहा-बारा वर्षें झालीं होतीं. १९२८ सालीं बालवाङ्मयासाठीं अमेरिकेंतील न्यूबेरी पदक मिळविणारा लेखक त्यांच्यांत तयार होत होता. पैलतीरावर उभें राहून पाहिलें म्हणजे नदीचें पाणी नेहमींच उथळ दिसतें. कामकरी मनुष्य त्यांनीं दाखविला. विद्यार्थी हातून निसटला.

त्याच पिढींतील इतरांचे दाखले या दृष्टीनें बोलके आहेत. जयप्रकाश नारायण १९२२ सालीं अमेरिकेस पोंचले आणि १९२९ सालीं परतले. कॅलिफोर्नियांतील द्राक्षांच्या मळ्यांत राबणें, उपाहारगृहांत भांडीं धुणें अशीं नाना कामें करीत ते एका विद्यापीठांतून दुसऱ्यांत गेले. आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे यांनींहि अमेरिकेंत मजुरी करून शेतकीचें शिक्षण घेतलें आणि पुढें मेक्सिकोंत कृषिशास्त्रज्ञ म्हणून नांव मिळविलें. दोघांचींहि आयुष्यें पुढें इतकीं घडामोडींचीं झालीं कीं, चरित्रकारांस मळा व मोरी येथें रेंगाळण्यास सवड राहिली नाहीं. उलटपक्षीं गांधीजींनीं आपल्या आत्मकथेंत १८८८ ते १८९१ या काळांतील लंडनच्या दिवसांचा जो हिशेब दिला आहे तो पाहावा. बसभाड्यापासून टपालाच्या तिकिटांपर्यंत नोंद, दोन खोल्या सोडून एका खोलींत राहणें, सकाळीं ओटची लापशी व कोको घरींच करणें, हें सारें तेथें आहे. परंतु तो हिशेब वांचविलेल्या पैशांचा आहे, कमावलेल्या पैशांचा नव्हे. डॉ. आंबेडकर १९१३ सालीं बडोदें संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठांत गेले. साडेअकरा पौंडांची ती मासिक रक्कम प्रत्येक चरित्रांत नोंदलेली आहे. शिष्यवृत्तीचा आंकडा चरित्रांत राहतो, काटकसरीचा राहतो. मजुरीचा तेवढा गळतो. हा योगायोग आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां ‘अमेरिकाना’कडे वळूं. या कादंबरीची नायिका इफेमेलू नायजेरियांतील विद्यापीठें संपांमुळें वारंवार बंद पडूं लागल्यावर अमेरिकेस येते आणि फिलाडेल्फियांत शिकूं लागते. विद्यार्थ्याच्या परवान्यावर बाहेर नोकरी करण्याची तिला मुभा नाहीं. म्हणून दुसऱ्या एका स्त्रीच्या नांवाचें ओळखपत्र घेऊन ती काम शोधूं लागते. ताटें वाढण्याचें, वृद्धांची शुश्रूषा करण्याचें, जें दिसेल त्या कामासाठीं ती जाते आणि नकार घेऊन परतते. फी व घरभाडें थकतें. अखेर एका खेळाच्या शिक्षकानें शंभर डॉलर देऊं केले असतां ती असें कांहीं पत्करते कीं, त्यानंतर तिचें तिच्याशींच बोलणें खुंटतें. नायजेरियांत राहिलेला तिचा प्रियकर ओबिंझे पत्रें लिहीत राहतो. ती एकहि उघडीत नाहीं.

अदिची यांनीं येथें जें साधलें आहे तें या विषयावर लिहिणाऱ्या फार थोड्यांस साधलें असेल. श्रमांविषयीं लिहिणारे लेखक श्रम वर्णितात. यांनीं श्रम न मिळण्याचें वर्णन केलें. मुखर्जींच्या पुस्तकांत एक नोकरी सुटते व दुसरी मिळते. त्यामुळें फजितीचें हंसूं होऊं शकतें. इफेमेलूच्या दारांत भाड्याची तारीख उभी आहे, आणि तारखेला हंसून घालवितां येत नाहीं. दुसरी गोष्ट नांवाची. दुसऱ्याच्या नांवानें मुलाखतीस जाणाऱ्या या मुलीचें जें एकाच देहांत दोन माणसें होणें आम्ही वर सांगितलें, तें येथें अलंकार न राहतां अक्षरशः घडतें. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट मौनाची. मुलें घरीं खोटें कां बोलतात, याचें जें उत्तर ही कादंबरी देते तें आईबापांनीं शांतपणें वाचण्यासारखें आहे. तीं फसविण्यासाठीं बोलत नाहींत. सांगावयाचें तें सांगितलें असतां ऐकणाऱ्याच्या मनांतील आपली मूर्ति मोडेल, आणि परक्या देशांत ती मूर्ति हाच आपला एकुलता एक आसरा आहे, अशी त्यांस भीति असते. आमच्या परिचयाच्या त्या मुलाचें ‘कॉलेजांतच आहे’ हें साधें असत्य या जातीचें होतें. त्याच्यावर इफेमेलूसारखा प्रसंग आला नव्हता. पण वाट तीच होती.

कादंबरीच्या पुढील भागाविषयीं मात्र आमचें समाधान झालें नाहीं. इफेमेलूस एका सुखवस्तु घरीं मुलें सांभाळण्याचें काम मिळतें, त्या घरच्या नातेसंबंधांतून एक श्रीमंत तरुण तिच्या आयुष्यांत येतो, आणि त्याच्या ओळखीनें नोकरी व कायम वास्तव्याचा परवाना दोन्ही तिच्या पदरांत पडतात. असें घडत नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या प्रश्नानें शेंकडों मुलांच्या रात्री खाल्ल्या, तो प्रश्न एका प्रेमिकाच्या टेलिफोननें सुटला, म्हणजे लेखिकेनें तो सोडविला नाहीं, बाजूस ठेविला. त्यानंतर कादंबरी वर्ण, केशरचना, प्रेम आणि परतणें यांविषयीं पुष्कळ मार्मिक बोलते. फीच्या बिलाविषयीं पुन्हां बोलत नाहीं.

संजीव सहोता यांची कादंबरी वाचतांना ही तक्रार करण्यास जागा राहत नाहीं. शेफील्ड शहरांतील एका घरांत दाटीवाटीनें राहणाऱ्या भारतीय तरुणांची ही कथा. त्यांतील अवतार हा विद्यार्थी म्हणून इंग्लंडांत आला आहे. त्या परवान्यासाठीं त्यानें आपलें एक मूत्रपिंड विकलें आहे. रणदीप लग्नाच्या कागदावर आला आहे. बिहारचा दलित तरुण तोची कोणत्याच कागदावाचून. तिघेहि बांधकामावर राबतात, आणि अवतार त्यावर रात्रीं खाद्यपदार्थांच्या दुकानांतहि उभा राहतो. सहोता यांची भाषा कोरडी आहे, आणि तेंच तिचें बळ आहे. कोणी किती दिले, कोणी किती ठेवून घेतले, डाळ किती दिवस पुरली, जॅकेट कोणाचें कोणी घातलें, हें ते हिशेबनिसाच्या काटेकोरपणें सांगतात. आणि हळूहळू वाचकाच्या लक्षांत येतें कीं, या माणसांचें मनच हिशेबाचें झालें आहे, कारण मोजल्यावांचून त्यांस एक दिवसहि जगतां येत नाहीं. मुखर्जींनीं वगळलेला पुनरावृत्तीचा भार येथें पानोपानीं आहे.

परंतु येथें प्रश्नाचें तोंडच फिरलें आहे. मुखर्जींचा नायक विद्यार्थी आहे, तो पोटासाठीं काम करतो. सहोतांचा अवतार कामकरी आहे. काम करतां यावें म्हणून तो विद्यार्थी झाला आहे. कॉलेज कादंबरीच्या कडेला कोठें तरी राहतें, एखाद्या कर्जाच्या हप्त्यासारखें. यास कोणी फसवणूक म्हणेल. तसें म्हणण्यापूर्वीं त्यानें एवढाच विचार करावा कीं, ज्या देशाला अवतारचे हात हवेत पण अवतार नको, त्या देशाच्या दारावर ‘विद्यार्थी’ ही एकच पाटी उघडी असेल, तर हात त्याच पाटीखालून आंत शिरणार. अवतारास ज्ञानाची चाड नाहीं असेंहि नव्हे. चाड असावयास लागणारे तास त्याच्यापाशीं नाहींत.

कादंबरीकारानें अतिशयोक्ति केली असें ज्यांस वाटेल त्यांनीं निरनिराळ्या देशांचे नियम चाळून पाहावेत. अमेरिकेंत विद्यार्थ्यास सत्र चालू असतां आठवड्यास २० तास, तेंहि विद्यापीठाच्या आवारांतच, काम करतां येतें; बाहेर करावयाचें तर निराळी परवानगी लागते. इंग्लंडांत पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यास सत्रकाळांत आठवड्यास २० तास. जर्मनींत मार्च २०२४ पासून वर्षास १४० पूर्ण दिवस. या मर्यादा विद्यार्थ्याच्या अभ्यासाच्या रक्षणासाठीं आहेत असें सांगितलें जातें, आणि तें मुळांत चुकीचें नाहीं. परंतु ऑस्ट्रेलियानें जानेवारी २०२२ मध्यें, साथीनंतर कामकऱ्यांचा तुटवडा पडतांच, ही मर्यादा उठविली. तुटवडा ओसरल्यावर १ जुलै २०२३ पासून पंधरवड्यास ४८ तास अशी ती पुन्हां घातली. कॅनडानेंहि नोव्हेंबर २०२२ पासून एप्रिल २०२४ अखेर तेंच केलें, आणि त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत आठवड्यास २४ तास ठरविले. विद्यार्थ्याच्या मेंदूस विश्रांतीची गरज २०२१ मध्यें होती, २०२२ मध्यें नव्हती आणि २०२३ मध्यें पुन्हां उत्पन्न झाली, असें तर कोणी म्हणणार नाहीं. तास कोणाच्या सोयीनें मोजले जातात हें त्यावरून उघड आहे.

आणखी एक विसंगति आहे. हेच देश आंत येतांना विद्यार्थ्याकडे काम न करतां भागेल इतका पैसा असल्याचा पुरावा मागतात. जर्मनींत तर सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो आगाऊ बंद खात्यांत दाखवावे लागतात. म्हणजे कागदोपत्रीं त्यास कामाची गरज नाहीं. ही गरज नसलेली गरज तो गुपचूप भागवितो. घरीं सांगतो तें असत्य त्यास प्रथम परवान्याच्या अर्जानेंच शिकविलेलें असतें, असें म्हटलें तर तें फारसें चुकणार नाहीं. घर, शेत किंवा दागिने गहाण टाकून तो पुरावा उभा करणारे आईबाप आपल्याकडे थोडे नाहींत. आणि मुलानें रात्रीं खोकीं उचललीं असें ऐकतांच त्यांचा चेहरा उतरतो, तो याचसाठीं.

तिन्ही पुस्तकें अशीं एका रांगेंत ठेविलीं म्हणजे प्रत्येकीनें काय दिलें हें स्पष्ट होतें. मुखर्जींनीं श्रम आणि मान यांचें कोडें दिलें, अदिचींनीं मौन दिलें, सहोतांनीं हिशेब दिला. परंतु आम्ही सुरुवातीस जी कसोटी ठरविली, तिला तिघांपैकीं एकहि पूर्णपणें उतरत नाहीं. रात्रपाळी आणि त्यानंतरचा सकाळचा वर्ग हीं एकाच पानावर कोणीच आणिलीं नाहींत. पहाटे सहाला गोदामांतून सुटलेला मुलगा नऊच्या व्याख्यानास बसतो. फळ्यावर गणित मांडलेलें आहे. त्याच्या दंडांत अजून खोक्यांचें वजन आहे. त्या तासांत त्यास काय कळतें? कळत असेल तर तें ज्ञान निजून उठून आलेल्या शेजाऱ्याच्या ज्ञानाहून निराळें असतें काय? वस्तूंचा पुरवठा, मजुरीचे दर, यंत्रांची गति हे विषय जो पुस्तकांत वाचतो आणि रात्रीं हातांनीं भोगतो, त्याच्या डोक्यांत या दोन विद्या कधीं एकमेकींशीं बोलत असतील काय? जयप्रकाशांच्या डोक्यांत त्या बोलल्या असाव्यात, असें त्यांच्या पुढील आयुष्यावरून वाटतें. मळ्यांत राबलेला हा तरुण विस्कॉन्सिन विद्यापीठांत मार्क्सवादाकडे वळला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पण त्या संवादाचें पुस्तक कोणी लिहिलें नाहीं.

त्या मुलानें आम्हांस तें वाक्य ऐकविल्यावर आम्ही त्यास विचारलें, ‘बरें, काय असतें त्या पट्ट्यावर?’ तो तासभर बोलत होता. कुत्र्यांच्या अंगरख्यांपासून लहान मुलांच्या खुर्च्यांपर्यंत काय काय येतें. खोकें कमरेनें न उचलतां गुडघ्यांत वांकून कसें उचलावें, हें एका रुमानियन बाईनें पहिल्या रात्रीं न विचारतां कसें शिकविलें. तिची मुलगी त्याच्याच विद्यापीठांत आहे हें तिसऱ्या महिन्यांत कसें कळलें. रात्रीं तीनच्या सुमारास पट्टा दहा मिनिटें थांबतो तेव्हां गोदामांत किती शांतता होते. आणि एकदां वर्गांत साठवणुकीच्या खर्चाचें सूत्र शिकवीत असतां त्यांतील एका अक्षराच्या जागीं आपण स्वतः उभे आहों हें अकस्मात् कसें ध्यानांत आलें. आजी ऐकत होत्या. वडील प्रथम दाराशीं उभे होते, मग येऊन बसले. त्यांच्या प्रश्नांत लाज नव्हती आणि आजींच्या प्रश्नांत अभिमान नव्हता. दोघांसहि फक्त पुढें काय झालें तें हवें होतें. वाङ्मयाचें काम याहून फार निराळें असतें असें आम्हांस वाटत नाहीं.

मराठींत परदेशाविषयीं प्रवासवर्णनें विपुल झालीं, स्थायिक झालेल्यांच्या आठवणीहि पुष्कळ येतात. त्यांत पहिला बर्फ असतो, पहिली दिवाळी असते. पगाराची पहिली चिठ्ठी क्वचितच असते. आज परदेशांतील विद्यापीठांत शिकणाऱ्या मराठी मुलामुलींची संख्या मोठी आहे. त्यांतील एखाद्यानें यश मिळण्याची वाट न पाहतां, म्हणजे नदी ओलांडण्यापूर्वींच, हें पुस्तक लिहावें अशी आमची इच्छा आहे. यश मिळाल्यावर लिहिलें तर पाणी पुन्हां उथळ दिसूं लागेल.

तोंपर्यंत हीं तीन पुस्तकें वाचकांनीं अवश्य वाचावींत. ज्यांचीं मुलें परदेशीं जाण्याच्या तयारींत आहेत त्यांनीं मुखर्जींपासून आरंभ करावा. ज्यांचीं गेलीं आहेत आणि फोनवर फार थोडें बोलतात त्यांनीं अदिचींपासून. सहोतांचें पुस्तक सर्वांत कठीण आहे. पण ज्यांनीं परवान्यासाठीं कर्ज काढलें आहे त्यांनीं तें टाळूं नये. आणि वाचून झाल्यावर पुढच्या रविवारीं मुलाशीं बोलतांना, जेवलास काय आणि अभ्यास होतो काय हे दोन प्रश्न झाल्यावर, कामावर काल काय झालें हा तिसराहि प्रश्न विचारावा.